दोन्ही आवाजांची गिटार

माणसं जेवढ्या वेळात प्लॉट घेतात, त्यावर घर बांधतात, वास्तुशांत उरकतात आणि गच्ची गळायला लागली म्हणून कंत्राटदाराशी भांडूनही मोकळी होतात, तेवढ्या वेळात आमच्या दाजींनी एक गिटार पसंत केली. नुसती पसंत. बायको पसंत करताना त्यांनी याच्या शतांशानेही विचार केला नव्हता, हे खुद्द ताईचं म्हणणं आहे. बघायला आले तेव्हा कुणीतरी तिला गाणं म्हणायला लावलं, आणि ते अर्ध्यावर असतानाच दाजींनी आपल्या आईकडे बघून मान डोलावली होती म्हणे. त्याच माणसाला गिटार मात्र काही केल्या पसंत पडेना. नव्वदचं दशक संपता संपता हा शोध सुरू झाला आणि नवं शतक चांगलं रुळेपर्यंत चालला. तोवर आमच्या नात्यातल्या कितीतरी मुली उजवल्या गेल्या, आणि प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी दाजींना विचारायचंच, "काय, जमलं का कुठे?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला नाशिक रोडला आणि कामाला अंबडच्या एका कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या अवाढव्य मशिनांवर. दिवसभर त्या धडाडधूममध्ये बोलायची सवय असल्यामुळे घरी जेवताना "मीठ वाढ" हेही ते अशा आवाजात म्हणत की शेजारच्या काकूंनी मिठाची वाटी घेऊन दारात यावं. त्यांच्याकडे आज भाजी कोणती हे ताईच्या आधी कॉलनीला कळे. या गृहस्थांना दोनच प्रकारचं संगीत आवडे आणि त्या दोघांचं आपसात बोलणंही नव्हतं. एक म्हणजे परदेशी हेवी रॉक. रविवारी सकाळी बनियनवर बसून, टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट मोठ्यानं लावून दाजी मेथी निवडत. काकूंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "अहो, तुमचा मिक्सर जळतोय!" म्हणून धावत आल्या होत्या. दुसरं म्हणजे ताईचं गाणं. ताईचा आवाज बारीक, उंच, आणि वरच्या सुरावर गेला की तिथे निवांत थांबणारा. ती भावगीत म्हणायची आणि दाजी शरणपूरच्या एका मित्राकडून मागून आणलेल्या साध्या गिटारीवर साथ करायचे. मेथीच्या जुड्यांना गदागदा झोडपणारा हा माणूस साथीला बसला की तारेला इतक्या हलक्या हातानं शिवायचा की झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतोय असं वाटावं.

मग एका वर्षी कारखान्यात सगळ्यांचे कान तपासले आणि दाजींचे उतरायला लागलेत असं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आणि उंच आवाज आधी जातात. कुकरची शिट्टी, पाखरं, बायकांचं बोलणं. दाजींनी ही बातमी एका मुंजीच्या पंगतीत, अर्थातच मांडवभर ऐकू जाईल अशी, जाहीर केली. "बायकांचे आवाज आधी जाणार म्हणे! नशीब लागतं राव!" पुरुषांची पंगत खो खो हसली. वाढायला आलेली ताईसुद्धा हसली. मी मात्र ताईकडे बघत राहिले, कारण बारीक आणि उंच म्हणजे नेमकं कुणाचं गाणं हे त्या मांडवात आम्हा तिघांनाच कळत होतं. त्याच सुमारास शरणपूरचा मित्र बदली होऊन गेला आणि जाताना आपली गिटारही घेऊन गेला. एरवी "बघू पुढेमागे" म्हणणारे दाजी एकदम घाईला आले. ताईचं गाणं ऐकू येतंय तोवर त्याला साथ करून घ्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती. घाई म्हणजे अर्थात त्यांच्या हिशेबानं घाई. ती गच्ची गळेपर्यंत चालली हे मी आधीच सांगितलंय.

ताईची अट एकच होती. "घरात एकच गिटार येईल. तुमचं ते मिक्सरचं त्यावर वाजवा नाहीतर काही करा, पण माझं गाणं झालं पाहिजे." बजेटही एकीचंच होतं, आणि तेही ओढूनताणून. तेव्हा इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, स्वस्तातली, आणि दोन्ही कामांची, असं ठरलं. यावर दाजींनी एक शास्त्र तयार केलं आणि ते भेटेल त्याला ऐकवायला सुरुवात केली. इलेक्ट्रिक गिटारीत तारांच्या खाली चुंबकाचे डबे असतात, त्यांना पिकअप म्हणतात. एकेरी डबा असेल तर आवाज निर्मळ येतो, पण थोडा गुणगुणतो. दुहेरी डबा असेल तर आवाज जाड, दणदणीत. "एकेरी म्हणजे वरण, दुहेरी म्हणजे मिसळ," दाजी म्हणत. "आपल्याला असं हॉटेल पाहिजे जिथं दोन्ही चांगलं मिळतं." असं हॉटेल अख्ख्या नाशकात नाही, हे ज्याला मिसळ कळते त्या प्रत्येकानं त्यांना सांगितलं. ते ऐकतील तर शपथ.

या मोहिमांवर ते मला घेऊन जात. मी हार्मोनियमच्या एकदोन परीक्षा कशाबशा पास झाले होते, त्यामुळे त्यांच्या लेखी मी गाण्यातली तज्ज्ञ होते. "मेव्हणीबाई, चला, कान घेऊन या," अशी हाक आली की मी कॉलेजची वही टाकून स्कूटरवर मागे बसायची. जातानाच माझी ड्यूटी सुरू होई. मागून येणाऱ्या रिक्षाचा बारीक हॉर्न दाजींना ऐकू यायचा नाही, म्हणून मी खांद्यावर थाप मारायची. उजव्या खांद्यावर मारली की गाडी उजवीकडून येतेय. द्वारकेच्या चौकात तर मी तबला वाजवत असायची. तिथल्या गर्दीत अडकलं की दाजी मान वळवून पिकअपचं शास्त्र सांगू लागत, आणि आजूबाजूचे ट्रकवाले इंजिन बंद करून ऐकत. एकदा एकानं खाली वाकून विचारलं, "पण शेठ, पिकअप घेताय तर दुहेरी डब्याची कशाला? माल किती भरायचा हाय?" दाजींनी त्यालाही वरण आणि मिसळ समजावून सांगितली. सिग्नल सुटला तरी तो हलेना.

मेन रोडवरच्या वाद्यांच्या दुकानाचा मालक सिन्नरकडचा, स्वभावानं देवमाणूस, पण दाजींना बघितलं की शटर ओढून घ्यावं असं त्यालाही वाटत असणार. दाजी गिटार हातात घेत, एक तार छेडत आणि गिटारीचा कोपरा दातांत धरून डोळे मिटून उभे राहत. कानांनी येत नाही ते हाडांनी येतं, असा त्यांचा शोध होता आणि तो खराही होता. पण दुकानदाराला ते कोण सांगणार! "सायब, ऊस हाय का तो?" तो कळवळून म्हणायचा. "नवा माल हाय, दात उमटत्यात!" मग गिटार आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला जोडली जाई, दाजी वरची तार वाजवत आणि गिटारीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत.

"बोल. काय येतंय?"

"बारीक घरघर येतेय."

"किती? आपल्या फ्रिजएवढी की देशपांड्यांच्या फ्रिजएवढी?"

कॉलनीतल्या देशपांड्यांचा फ्रिज भिंतीपलीकडूनही ऐकू यायचा, म्हणजे ती गिटार रद्द. अशा कितीतरी गिटारी देशपांड्यांच्या फ्रिजपायी परत भिंतीवर गेल्या. कुणाचं वरण कच्चं निघे, कुणाची मिसळ पाणचट. दरम्यान दाजींचे कान उतरतच होते. आधी दारावरची बेल गेली, मग कुकरची शिट्टी गेली. डाळीचा गाळ होऊन बाहेर आला तेव्हा त्यांना कळलं. ताईनं तीच डाळ फोडणीला टाकली.

एका नवरात्राच्या तोंडावर दुकानात नवा माल आला आणि त्यात एक काळी, झळझळीत गिटार होती. तिच्यात एक दुहेरी डबा, दोन एकेरी, आणि मध्ये डबा बदलायची दांडी. दाजींनी मिसळ वाजवली तर भिंतीवरच्या ढोलक्या घुमल्या. वरण वाजवलं तर असा लखलखीत, देवळातल्या घंटेसारखा आवाज आला की मी जागच्या जागी पूर्ण मार्क देऊन टाकले. घरघर नाही, काही नाही. भावही दाजींच्या आवाक्यातला. दुकानदारानं तर देवाला हात जोडले. पण दाजी म्हणाले, "थांबा. उद्या हिला घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी ताई आली. भर दुकानात गायचं म्हटल्यावर ती लालेलाल झाली. "अहो, काहीतरीच काय! लोक आहेत." पण दाजी काळी गिटार घेऊन स्टुलावर बसलेच होते. शेवटी पदर सावरून, दुकानाकडे पाठ करून तिनं हलकेच एक भावगीत सुरू केलं. दाजींनी साथ धरली. काय सुंदर वाजत होती ती! अंतऱ्यापर्यंत आले आणि दाजी थांबले. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि कोपऱ्यातली भोपळ्याच्या रंगाची, काळीहून स्वस्त, कुणी बघतही नसलेली दुसरी गिटार मागितली. दांडी इकडून तिकडे केली, एका जागी थांबवली आणि म्हणाले, "पुन्हा म्हण." ताईनं पुन्हा म्हटलं. या वेळी दाजींनी डोळे मिटले होते आणि गाणं पार शेवटाला गेलं.

"ही घेतली," दाजी म्हणाले.

मी उसळलेच. "दाजी, हिचा आवाज किती दबका आहे! काळीपुढे काहीच नाही. आणि मिसळ तरी वाजवून बघा." त्यांनी वाजवली. फिकी होती. त्यांनाही ते कळलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मग आयुष्यात प्रथमच मी दाजींना हळू बोलताना ऐकलं.

"काळी छानच आहे गं. पण ती हिच्या आवाजाच्या जागेवरच येऊन बसते. मग मला गिटार ऐकू येते, हिचं गाणं येत नाही. ही भोपळी खालच्या खाली राहते, वरची जागा हिला मोकळी सोडते." मग ताईकडे बघून म्हणाले, "आज सगळं गाणं ऐकलं मी हिचं. लय दिवसांनी."

इतकी वर्षं हा माणूस गिटारीचा आवाज शोधतोय असं आम्ही समजत होतो. ताई वळली आणि दुकानदाराला ढोलक्यांच्या किमती विचारायला लागली. आमच्या दोन्ही घरांत ढोलकी कुणालाच येत नव्हती.

भोपळी घरी आली आणि मग कितीतरी रविवार, कितीतरी कॉलनीतले गणपती तिनं गाजवले. फिक्या मिसळीबद्दल दाजी जन्मभर कुरकुरले, शेजारच्या काकू मात्र प्रसन्न झाल्या. कान उतरायचे ते उतरलेच. पुढे कानाचं यंत्र लावलं, तर ते नको तेवढं ऐकवतं म्हणून दाजी ते खिशात ठेवून फिरत. साथ करताना ते ताईच्या ओठांकडे बघत वाजवू लागले. ओठ मिटले की कडवं संपलं, असा त्यांनी हिशेब बसवला होता. एका गणपतीत ताई डोळे मिटून वरच्या सुरावर थांबली असताना तिचे ओठ जरासे जवळ आले आणि दाजींनी पुढचं कडवं सुरू करून टाकलं. तिनं तो सूर तिथेच सोडला आणि धावत जाऊन त्यांना गाठलं. दाजींना पत्ताही लागला नाही. त्यांनी झकास वाजवलं.

तेव्हापासून ताई तो सूर लांबवत नाही. कॉलनीतले लोक म्हणतात, ताईंचा दम कमी झाला आता. तिला विचारलं तर म्हणते, "वय झालं गं." मध्ये मी दोन दिवस राहायला गेले होते. सकाळी ताई ओट्यापाशी भाकरी थापत होती आणि थापता थापता तिनं तेच भावगीत धरलं. वरच्या सुरावर गेली आणि थांबली. किती वेळ, किती निवांत, दम कुठेही कमी नव्हता. मी दारातून बाहेरच्या खोलीत पाहिलं. दाजी खुर्चीत बसून पेपर वाचत होते, त्यांनी शांतपणे पान उलटलं.