अक्काची सायकल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — जाऊ दे, सांगते.

तंजावरकडे, कुंभकोणच्या आमच्या मराठी घरात दोन सुना. मोठी जाऊ अक्का, धाकटी मी. अक्काला गळा होता, मला व्यवस्था जमायची. गोविंदपुरम्‌च्या मठातल्या उत्सवाआधी आमची मंडळी अभंग म्हणत, दारोदार तांदूळ मागत फेरी काढायची. बायकांत पुढे अक्का. पातेली, केळीची पानं, सगळ्यांची कॉफी — ते माझ्याकडे. घरी जाताना लोक काय म्हणायचे? अक्का काय गायली! पातेल्यांना कोण दाद देतं?

नव्वदच्या सुमारास अक्काला हृदयाचा त्रास झाला. मोठ्या दिरांनी मद्रासहून व्यायामाची सायकल आणली — जागच्या जागी चालवायची, एकाच चाकाची. डॉक्टर म्हणाले, हिच्यावर सलग तीन किलोमीटर झाले की फेरीत चालायला हरकत नाही. पण अंतराचा काटा वाटेतच मोडला होता. मग हिशेब कोण करणार? मीच. शिवणाची टेप चाकाभोवती धरून घेर मोजला, पायडलच्या फेऱ्यांनी गुणला. अक्का रोज विचारायची, किती झालं गं? जेमतेम एक किलोमीटर, मी सांगायचे.

मग एकदा साखळीला तेल घालताना मी पायडल हाताने फिरवलं. एक फेरा. चाक तीनदा फिरलं, वर थोडं पुढेच गेलं. आणि मी पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा धरत आले होते.

म्हणजे अक्काचे तीन किलोमीटर केव्हाच झाले होते — रोज होत होते. ती शेजारच्याच खोलीत होती. सांगायला काय लागलं असतं? मी हात पुसले आणि तेलाची बाटली फळीवर ठेवली.

तोवर ती चूक होती. त्यानंतर तिला चूक म्हणता येणार नाही.

अक्का हट्टाने आणखी पायडल मारायची. पोलकं भिजायचं, ओठ पांढरे पडायचे, आणि मी शेजारी उभी राहून म्हणायचे, अजून अर्धंही नाही झालं अक्का. तिच्या जिवावर बेतलं असतं तर? हे तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणू? कळत होतं.

उत्सवाच्या आदल्या दिवशी ती सायकलवरून उतरली, पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "माझ्यात आता राहिलं नाही गं. यंदा तू म्हण. तुला सगळे पाठ आहेत, मला ठाऊक आहे."

मी अभंग म्हटले. बरे म्हटले. दारादारात बायका विचारत होत्या, अक्का कुठे? — आणि तेव्हाही मला राग आला तो तिचाच.

ती पुढे बरीच वर्षं जगली. पुन्हा कधी चारचौघांत गायली नाही. आपलं हृदय एवढंसं अंतरही पेलत नाही, हे तिने धरूनच ठेवलं. जिना चढताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची, आणि मी म्हणायचे — सावकाश अक्का, सावकाश.