खवट अक्रोडांच्या कुकीज

आमच्या धान्यकोठाराच्या कचेरीत फोन घेणारी आर्डिस लुंडक्विस्ट दर डिसेंबरला सगळ्यांसाठी कुकीज भाजायची. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की संपली की तिच्या ओव्हनला नाताळपर्यंत उसंत नसे. आल्याच्या, लोण्याच्या, अक्रोडाच्या. पत्र्याच्या डब्यात कागद घालून थर लावायचे, वर लाल फीत, आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक डबा. वर्षभर आर्डिसकडे कुणी मान वर करून बघत नसे. डिसेंबरात मात्र कचेरी तिची असे. मला मधुमेह, म्हणून माझ्या वाट्याला मुरवलेल्या माशांची बरणी. त्यामुळे पुढच्या प्रकरणात मी नामानिराळा राहिलो, त्यात माझी काही थोरवी नाही.

त्या वर्षी पानगळीत तिला जबर ताप आला आणि वास येणंच बंद झालं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. कॉफी नुसत्या गरम पाण्यासारखी लागते, एवढंच एकदा माझ्याजवळ बोलली. भावाने दिलेलं अक्रोडांचं पोतं तिच्या तळघरात पडून खवट झालं होतं. तिला कळणार कसं?

डबे वाटले त्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकेक तुकडा तोंडात टाकला आणि वाहवा केली. इथवर मी समजू शकतो. आमच्याकडे तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. करपलेला पावही आम्ही आभार मानून गिळतो. पण आमचा मॅनेजर लोवेल स्वेनबी तेवढ्यावर थांबला नाही. आपली वाहवा खोटी वाटू नये म्हणून त्याने बायकोसाठी आणखी एक डबा मागितला. मग मागे राहतंय कोण? सगळ्यांनीच मागितला. आर्डिस हरखून गेली. रोज घरी गेल्यावर पुन्हा पीठ मळू लागली. शनिवारी चर्चच्या नाताळविक्रीतही यंदा अक्रोडाच्याच मांडते म्हणाली. तिथल्या कुकीजच्या टेबलाचा मान तिच्या आईनंतर तिच्याकडे आलेला, आणि तिथे अख्खं गाव येतं.

माझी वजनकाट्याची खोली मागच्या आवारात, कचऱ्याच्या पेटीला लागून. गुरुवारी लोवेल तिथे आला, इकडेतिकडे पाहिलं आणि डबा पेटीत उपडा केला. मग मूठभर बर्फ घेऊन डबा आतून घासला, परत द्यायचा म्हणून. त्याच्यामागून हिशेबनीस कार्ल आला. मग आणखी दोघं, एकमेकांना कोपराने ढोसत, हसत. मी जाऊन पेटीत डोकावलो. तेलात भिजून वर्षभर पडलेल्या चिंध्यांसारखा वास. कावळेसुद्धा शिवले नव्हते.

तेवढ्यात रोझली फेरान्ते आली. ही दूर पूर्वेकडची, न्यू जर्सीची, नोकरीला लागून तिला दोनच महिने झाले होते. हातात तिचा डबा, पण तो टाकायला ती आली नव्हती. या बाईला कुणी सांगणार आहे की शनिवारी गावासमोर फजिती होऊ देणार, असं तिने मला विचारलं. आमच्यातलं कुणी सांगणार नाही, मी म्हणालो. मग ती तशीच आत निघाली, आणि मीही मागोमाग गेलो.

कॉफीची वेळ होती. सगळे उभे होते, आर्डिस कप भरत होती. रोझलीने डबा तिच्यासमोर ठेवला.

"आर्डिस, अक्रोड खवट झालेत. तुम्हाला वास येत नाही का?"

आर्डिसने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. रोझलीकडे नाही, लोवेलकडे बघितलं.

"लोवेल, तू तर दुसरा डबा मागितलास."

"अगं, छानच झाल्यात की," लोवेल म्हणाला. "रोझलीची चव निराळी असेल. तिकडच्या लोकांना मसालेदार लागतं."

आर्डिसने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. "मग घे."

त्याने घेतली. अख्खी खाल्ली, सावकाश, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मान डोलावली. आर्डिसने डबा कार्लपुढे धरला. त्यानेही खाल्ली. मला आणि रोझलीला सोडून ती प्रत्येकापुढे गेली आणि प्रत्येकाने उचलली. खवट आहे हे दोन शब्द बोलण्यापेक्षा ते पोटात ढकलणं त्यांना सोपं वाटलं. जबडे हलत होते, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इतकं किळसवाणं दृश्य मी डुकरांच्या गोठ्यातही पाहिलेलं नाही.

आर्डिसने झाकण लावलं. तिचे कान लाल झाले होते.

"रोझली, तुला गाडी चालवता येते ना बर्फात? मला घरी घेऊन चल. स्वयंपाकघर कुकीजनी भरलंय. वास घेऊन सांग, कुठलं टाकायचं आणि कुठलं ठेवायचं. लोण्याच्या तरी शनिवारपर्यंत होतील."

"येते की. पण मी तोंडावर सांगेन हं."

"तेच हवंय," आर्डिस म्हणाली, आणि कोट घ्यायला गेली.

गाडी फाटकाबाहेर गेली तशी लोवेलने रुमालाने तोंड पुसलं. "ही नवी बाई जरा उद्धटच आहे, नाही?"

अजून भरल्याच तोंडांनी सगळ्यांनी माना हलवल्या.