पत्रिकेवर फुटलेली शाई

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिहायला बसलो की पाणी प्यायला उठायचो, गॅलरीत जायचो, खाली पार्किंगमध्ये कोणी गाडी वाकडी लावली आहे का ते बघत उभा राहायचो. आजही उठून झालंच आहे. पण आता लिहितो.

मुलीच्या लग्नातली गोष्ट आहे. निमंत्रण सगळ्यांना फोनवरच पाठवायचं ठरलं होतं. देवापुढे ठेवायला आणि वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायला मात्र थोड्या छापील पत्रिका हव्यात, असं हिचं म्हणणं. "त्यात काय, घरी काढतो," मी म्हणालो. निवृत्त झाल्यापासून आमच्या कोथरूडच्या सोसायटीत प्रिंटर आणि मी अशी जोडीच झाली होती. नवं कार्ट्रिज आणणं मला कमीपणाचं वाटे. जुन्याचं लेबल सोलायचं, बारीक भोकातून इंजेक्शनच्या सुईने शाई सावकाश आत सोडायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. हे मला जमायचं आणि जमतं हे लोकांना सांगायलाही आवडायचं.

काळ्या शाईचे दोन प्रकार असतात. एकीत रंगाची अगदी बारीक पूड असते. ती कागदावर धरून बसते, पाणी लागलं तरी सहसा हलत नाही. दुसरीत रंग विरघळलेला असतो. ती दिसते छान, पण ओल लागली की फुटते. माझ्या कार्ट्रिजला पहिली लागायची आणि ती संपली होती. घरात दुसरीची बाटली होती, फोटो छापायला आणलेली. दुकान काही लांब नव्हतं. बाहेर ऊन होतं, एवढंच. मी दुसरी भरली.

हिने बाटली पाहिली. "ही तीच का?"

"काळी आहे ना?"

"मी ते नाही विचारलं."

"अगं, पत्रिका वाचायची असते. ते काय धुणं आहे, भिजवायला?"

पत्रिकेला ओलं हळदकुंकू लावतात हे मला माहीत नव्हतं का? जन्मभर पाहत आलो होतो. त्या वेळी डोक्यात आलं नाही, हे खरं. पुढचं जे घडलं त्याला मात्र ही सबब चालणार नाही.

माझ्या वहिनींबद्दल आधी सांगायला हवं. थोरला भाऊ लवकर गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनी विश्रांतवाडीला एकट्याच राहायच्या. आम्ही दोघं नोकरीला, त्यामुळे मुलीच्या सुट्ट्या, तापाचे दिवस, सगळं वहिनींकडेच. भाऊ गेल्यावरही त्या टिकली लावायच्या. कोणी टक लावून पाहिलं तर विचारायच्या, "का हो, तिरकी लागली का?" पाहणाराच मान खाली घालायचा.

पत्रिकेची पूजा करायच्या दिवशी व्याही आणि विहीणबाई आले होते. सदाशिव पेठेतून माझी थोरली बहीण, आक्का, आली होती. व्याही पत्रिका हातात घेऊन म्हणाले, "घरी छापली? प्रेसवाल्यानं तोंडात बोट घालावं!" मी त्यांना कार्ट्रिज भरण्याचं शास्त्र समजावून सांगत होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पहिलं कुंकू काकू लावणार."

"अगं नको," वहिनी म्हणाल्या. "तुझी आई आहे ना."

आक्का म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. सवाष्णी काय कमी आहेत घरात?"

मी मोठ्या तोंडाने म्हणालो, "आक्का, आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. लावा वहिनी."

वहिनींनी अनामिका वाटीत बुडवली. कुंकू पातळ कालवलं गेलं होतं. कोपऱ्यापर्यंत हात जाण्याआधीच एक थेंब मुलीच्या नावावर पडला. वहिनी दचकल्या आणि त्यांनी पदराच्या टोकाने तो टिपला. त्यासरशी नाव फरफटलं. लाल राहिलं बाजूला, काळी अक्षरं फुटून जांभळा ओघळ मुलाच्या नावापर्यंत गेला.

मग आक्का हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणून म्हणत होते."

विहीणबाईंनी पत्रिका उचलून उलटी ठेवली.

तो जांभळा रंग बघताक्षणी मला सगळं कळलं होतं. एवढंच म्हणायचं होतं: "अहो, शाई चुकीची भरली मी." लोक हसले असते. व्याह्यांनी चार दिवस थट्टा केली असती. मी म्हणालो, "असू दे, दुसरी काढतो," आणि आतल्या खोलीत गेलो. तिथे दार लोटून दुसऱ्या एका पत्रिकेवर ओलं बोट फिरवलं. तोच जांभळा डाग. तो कागद मी चुरगाळून खिशात घातला. बाहेर आलो तर वहिनी स्वयंपाकघरात नळाखाली हात धूत होत्या. हात कधीच स्वच्छ झाला होता, तरी धूत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी योग्य शाई आणली. जुनी शाई काढून टाकली, कार्ट्रिज पुन्हा भरलं, सगळ्या पत्रिका नव्याने छापल्या. कोणालाही काही न सांगता. आणि तिथेच पहिल्यापेक्षा वाईट झालं. पुन्हा पूजा मांडली तेव्हा कुंकू हिने लावलं. तेच पातळ कुंकू, तसाच ओघळ आला. अक्षर हललं नाही. आक्काने सगळ्यांकडे पाहिलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघा, आता कशी नीट झाली." त्यांच्या बोलण्यात नेहमीचा तिरकसपणा मी शोधत होतो. नव्हता.

लग्नात त्या मागच्या रांगेत बसल्या. मुलगी दोनदा बोलवायला गेली. "इथे पंख्याचं वारं छान येतंय गं," म्हणाल्या. नातवाच्या बारशाला पाळण्याजवळ आल्या नाहीत. टिकली कधी बंद झाली ते आम्हाला कळलंही नाही. आक्काचं बोलणं त्या हसण्यावारी नेतील असं मी स्वतःला समजावत होतो. पण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते दाखवण्याची सोय मी केली होती.

विश्रांतवाडीला मी जात राहिलो. एकदा सुरुवात केली, "वहिनी, ती पत्रिका..." त्यांनी हातानेच थांबवलं. "भावजी, तो विषय नको. मी हो म्हणायला नको होतं." चहा निवत होता. मी तो पिऊन निघालो. रिक्षात बसल्यावर वाटलं परत फिरावं. रिक्षावाल्याला थांबवलंही. मग म्हणालो, चला.

त्या आजारी पडल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. खिडकी उघडत होतो, लावत होतो.

"बसा ना भावजी, किती येरझाऱ्या! काही सांगायचंय का?"

त्यांनीच विचारलं होतं.

"नाही, पंखा कमी करू का, ते बघत होतो."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

परवा मुलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बाबा, हे मला कशाला सांगतोस? काकूला सांगायचं होतंस." आणि आत निघून गेली. ते बरोबरच आहे. जे त्या खुर्चीत बसून सांगायचं होतं, ते एवढंच होतं:

वहिनी, शाई मी चुकीची भरली होती. ती कोणाच्याही हातून फुटली असती. मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी मी गप्प राहिलो आणि तुमच्यावर येऊ दिलं. तुमच्या हातात काही वाईट नव्हतं. माझं चुकलं. मला माफ करा.