साडेतेरा अंशांचा ड्रायव्हर

माझा स्वभाव तिरका आहे, हे आधीच सांगून टाकतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्टर होतो. दुसऱ्यानं केलेल्या कामातली चूक शोधायची, आणि त्याचा मला पगार. अशा माणसाला मित्र कुठून मिळणार? लग्न जमलं नाही. गंगापूर रोडला एका खोलीत राहायचो, स्टोव्हवर पिठलं-भात करायचो. शनिवारी दुपारी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलो की सोमवार सकाळपर्यंत दूधवाल्याशिवाय माझ्याशी कुणी बोलायचं नाही. तोही घाईत असायचा.

गोल्फ माझ्या गळ्यात पडलं ते आमच्या मॅनेजरांच्या बदलीमुळे. आमच्याकडे तशी रीतच होती. बदली झालेला साहेब गोल्फची बॅग पुढच्या गावी न्यायचा नाही, जाताना कुणाला तरी देऊन मोकळा व्हायचा. ती मला मिळाली, कारण निरोप समारंभाला मी सगळ्यांच्या मागे एकटा उभा होतो. साहेब सहा फुटी, मी पाच फूट चार इंच. त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांब फटका मारायची लाकडी डोक्याची काठी, माझ्या हातात बांबूसारखी वाटायची. पहिले सहा महिने मी बॉल कमी आणि जमीन जास्त मारली.

मग माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. सरळ उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं आणि दांडा मुठीकडून दीड इंच कापला. कापल्यावर डोकं हलकं लागायला लागलं, तेव्हा तळाची पितळी पट्टी काढून आत शिसं भरलं. मग बघितला लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणारा चेहरा मागे किती कललाय तो. कोनमापक लावला तर साडेनऊ अंश. माझ्यासारख्या हळू हाताच्या माणसाला एवढ्या उभ्या चेहऱ्यानं बॉल हवेत जाणार कसा? कानस घेऊन बसलो आणि चेहरा थोडा कलता केला. बॉल उडायला लागला. लोकांनी मात्र नाकं मुरडली. आमच्या मैदानावर ज्याचा चेहरा जास्त उभा तो जास्त मर्द, असा एक खुळा समज होता.

माझ्याबरोबर खेळायला फक्त एकच माणूस तयार असायचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर, वय सत्तरीच्या आसपास, निफाडकडच्या कालव्यांवर उभी हयात घालवलेले. पहिल्याच रविवारी त्यांचं काय चुकतंय ते मी त्यांना सांगायला लागलो, तर म्हणाले, "इन्स्पेक्टर, माझा डावा कान बहिरा आहे. तुम्ही डावीकडून चला." तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या डावीकडून चालत होतो. तास दोन तास बडबडायचो. त्यातलं किती त्यांना ऐकू यायचं देव जाणे, पण आठवडाभर मी त्या दोन तासांची वाट बघायचो, खोटं कशाला बोलू.

पहिला फटका मारायचा तिथेच समोर नाला होता. त्याच्या अलीकडे पांढऱ्या खुंट्या, म्हणजे पुरुषांनी बॉल मारायची जागा, आणि पलीकडे लाल खुंट्या बायकांसाठी. पांढऱ्या खुंटीवरून लागोपाठ तीन रविवार ज्याचा बॉल नाल्यात पडेल त्यानं चौथ्या रविवारी लाल खुंटीवरून मारायचं, हा आमचा नियम. टाळ्या, शिट्ट्या, सगळी थट्टा. इंजिनियरसाहेबांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं, "लाल खुंटी आली की माझी बॅग माळ्यावर." त्या वर्षी त्यांच्या हातातलं बळ गेलं. दोन रविवार बॉल नाल्यात. त्यांनी खेळ सोडला तर मी कुणाच्या डावीकडून चालू?

म्हटलं, "साहेब, चेहरा जास्त कललेला घ्या, दांडा आखूड घ्या. बागेत पाण्याला जोर नसला की तुम्ही पाइप वर धरता ना? तसंच आहे हे."

"ते बायकांचं झालं," ते म्हणाले. अहो, आयुष्यभर पाण्याचे उतार काढलेला माणूस! मी कपाळाला हात लावला.

शेवटी मी लबाडी केली. मूठ बदलून देतो म्हणून त्यांचा ड्रायव्हर घरी आणला. माझ्या बॅगेत मॅनेजरांची दोन नंबरची, म्हणजे ड्रायव्हरच्या खालोखालची, जुनी काठी पडून होती, लॉफ्ट साडेतेरा. तिचं डोकं घासून त्यांच्या ड्रायव्हरच्या रंगाचं केलं, त्यांच्या ड्रायव्हरची '१' कोरलेली पितळी पट्टी तिच्या तळाला बसवली, दांडा बेचाळीस इंचांवर कापला, वर त्यांच्या आवडीची काळी मूठ चढवली. तीन संध्याकाळी गेल्या. आणि पट्टी बसवण्याआधी, सवय म्हणून, आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलं: लॉफ्ट १३॥, लांबी ४२, तपासले. खाली सही. मी हातातून काहीही सहीशिवाय सोडत नसे.

तिसऱ्या रविवारी त्यांचा बॉल उंच गेला आणि नाल्याच्या पार वीस पावलांवर पडला. म्हातारा लहान मुलासारखा हसला. माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.

गप्प बसायचं होतं, एवढंच काम होतं. पावणेदोन महिने बसलो. मग एका रविवारी माझा बॉल नाल्यात गेला आणि त्यांचा पलीकडे. खेळ संपल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये सगळे चहा पीत होते, आणि इंजिनियरसाहेब रंगात आले होते. "या इन्स्पेक्टरनं काठी कापली, कानस मारली, तिची वाट लावली. माझ्याकडे बघा. उभा चेहरा! हातात दम पाहिजे." सगळे हसले. ते माझीच थट्टा करत होते, माझ्याच माणसासारखी. हे आज कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं.

मी त्यांच्या बॅगेतून ड्रायव्हर काढला, खिशातल्या चाकूच्या टोकानं चार स्क्रू सोडवले, पट्टी टेबलावर आपटली आणि काठीचा उघडा तळ सगळ्यांपुढे धरला. "वाचा," म्हटलं. "वाचा सगळ्यांनी. साडेतेरा! बायकांचा चेहरा!"

कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा लावला, माझं अक्षर वाचलं, सहीवरून अंगठा फिरवला. "काम चोख केलंय," एवढंच म्हणाले. कपातला उरलेला चहा शांतपणे संपवला आणि निघाले. ड्रायव्हर टेबलावरच राहिला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

दिवाळी झाल्यावर मी मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून वाटेत सायकलवर चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, चिवडा दिला. द्राक्षांच्या छाटणीवर बोलणं झालं, माझ्या खोकल्यावर झालं. मी नकळत त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. ते खुर्ची फिरवून, उजवा कान माझ्याकडे करून बसले आणि त्यांनी विचारलं, "हल्ली कुणाबरोबर खेळता?"

मला त्यांच्यापुढे केविलवाणं दिसायचं नव्हतं. म्हटलं, "आहेत ना, चौघेजण. मजेत चाललंय."

"छान," ते म्हणाले. "मग काळजी नाही." आणि त्यांनी उरलेला चिवडा माझ्या ताटलीत ओतला.

काकू फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही एकटे पडलात का, हे त्यांना विचारायचं होतं. एकटे असाल तर येणार होते हो. म्हणाले होते, लाल खुंटी तर लाल खुंटी."

दार उघडंच होतं. आत जाऊन 'मी खोटं बोललो' एवढं म्हणायला दहा पावलंसुद्धा नव्हती. मी काकूंना नमस्कार केला, सायकलवर टांग मारली आणि खोलीवर आलो.