दामलेबाईंचा तह

दामलेबाई अमेरिकेतली यादवी शिकवायला लागल्या की टेबलावरचं डस्टर उत्तर व्हायचं, खडूंचं खोकं दक्षिण आणि खोक्यावर ठेवलेली पट्टी मिसिसिपी नदी. "कोण जिंकलं ते गाइडात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काय बदललं ते सांगा." बहुतेक लढायांनी काही बदलत नाही, माणसं तेवढी मरतात, असं त्यांचं मत. एखाद्याच लढाईनंतर नदी एकाच्या हातात जाते, दुसऱ्याचा मुलूख दुभंगतो आणि मदत करावी की नको म्हणत थांबलेले बाहेरचे देश मुकाट्याने मागे सरतात. "यादवीत शत्रूपेक्षा कुंपणावरच्यांकडे लक्ष ठेवावं," म्हणायच्या. परीक्षेत मात्र सनावळ्याच यायच्या.

पुढे मी त्यांच्याच सोसायटीत राहायला आलो. बाई तळमजल्यावर एकट्या. धाकटे भाऊ बापू तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोर. लिफ्ट नाही. इमारत पाडून नवी बांधायचा विषय निघाला. बापूंचे गुडघे गेलेले, त्यांना लिफ्टसाठी नवी इमारत हवी होती. बाई म्हणाल्या, "बिल्डरच्या भरवशावर या वयात भाड्याच्या घरात जायचं? तिथेच मेले तर?" सोसायटीत दोन तट पडले, व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप झाले, बहीणभावाचं बोलणं थांबलं.

तीन घरं अजून कुंपणावर होती. सभेआधी बाई तिन्हीकडे चहाला जाऊन आल्या. सभेत तिघांनीही विरोधात हात वर केले. ठराव पडला आणि बिल्डर दुसरी सोसायटी बघायला गेला. बापू कठड्याला धरून, दर वळणावर थांबत घरी गेले. बाई खालून बघत राहिल्या.

सकाळी त्या बापूंच्या दारात उभ्या होत्या, हातात स्वतःच्या घराच्या किल्ल्या.

"तू खाली जा. मी वर येते."

"हरलेल्यावर उपकार नकोत, ताई."

"उपकार कसले? तह आहे. अमेरिकेतल्या त्या यादवीत हरलेल्यांनाही घोडे घरी नेऊ दिले होते, नांगरणीसाठी. तू निदान भाजी आणायला तरी बाहेर पडशील. सामान बांध."

कपाट कुणाचं कुठे राहणार यावर आठवडाभर वाद घालून बापू खाली गेले. मला बाईंचा तेव्हा फार अभिमान वाटला. रोज दुपारी बाई खाली चहाला जायच्या आणि दोघं जोरजोरात भांडायची.

मग बाईंना धाप लागू लागली आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. त्यांना उतरवेना, बापूंना चढवेना. फोनवर बोलायची. एकदा बापू पहिल्या वळणापर्यंत आले आणि पायरीवरच बसले. खुर्चीत बसवून नेतो म्हटलं, तर वरून-खालून एकच उत्तर आलं, "वरात नको."

गेल्या वर्षी बाई गेल्या. जिना अरुंद, त्यामुळे प्रत्येक वळणावर तिरपं करत आम्ही चौघांनी त्यांना खाली आणलं. बापू शेवटच्या पायरीपाशी भिंत धरून उभे होते. त्यांनी बाईंच्या कपाळावर हात ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "लिफ्ट हवी होती गं."