दसऱ्याआधी उघडणारे वसतिगृह

नाना गेल्याला पाच आठवडे झाले. त्यांच्याविषयी जे छापून आले त्यात रस्ते, तलाव आणि मंत्रिपदे यांची यादी होती, आणि ती खरीच आहे. मी मात्र एका प्रश्नाचे उत्तर शोधायला बसलो आहे : दुसरा कोणी मंत्री असता तरी झाली असती ती कामे वगळली, तर केवळ नानांमुळे झालेले काम कोणते?

धारूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो. पुढे मी त्याच शाळेत शिक्षक झालो. नाना आमदार आणि नंतर राज्यमंत्री. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांच्या लेकरांसाठी त्यांनी आमच्याकडे वसतिगृह बांधले. उद्घाटन दिवाळीनंतर ठरले. फीत कापून नाना आत शिरले. खाटा, घड्या घातलेल्या सतरंज्या... आणि एकही मूल नाही.

"लेकरं कुठंयत?"

"उसाच्या फडात," मी म्हणालो. "तोडणीच्या टोळ्या दसऱ्यालाच गेल्या."

"मग आधी का न्हाई सांगितलं रं मास्तर?"

"तुझ्या कार्यालयात दोन पत्रं दिली. तारीख तुझ्या सवडीनं ठरली."

पत्रांवर विसंबून प्रत्यक्ष भेटलो नाही, ही माझी चूक. ती कबूल करण्याआधीच नानांनी बाहेर मंचावर जाऊन माईक घेतला होता. "माझ्या सवडीपायी ह्या साली लेकरं फडात गेली. हार काढून घ्या," एवढेच बोलून ते खाली उतरले.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी ते आले, तेही थेट टोळीचा ट्रक भरत होता तिथे. टोळीतली काशीबाई भांडी चढवत होती. तिची मुलगी सुनीता माझ्याच शाळेत पाचवीत होती आणि फडावर तीन वर्षांच्या भावाला सांभाळायची. तिला मागे वसतिगृहात ठेव, असे नानांनी सांगताच काशीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन् धाकट्याला कोन बगंल? तुमी येता का फडावर?"

सगळी टोळी हसली. नानाही हसले. "मी आलो तर ऊस कमी अन् भाषणच लई हुईल. धाकट्यालाबी ठिव. संगं तुझ्या सासूलाबी ठिव."

"साहेब, नियमात म्हातारी बसत नाही," नानांसोबत आलेले अधिकारी पुटपुटले.

"मग नियम बदलू. म्हातारी बसंल."

काशीबाईने ट्रकवर चढून सुनीताचे दप्तर खाली दिले. "माघारी आल्यावर पोरगी शाळंतच दिसली पायजे."

ती दिसली. लहान भावंडांसोबत घरातले एक वडीलधारे माणूस वसतिगृहात राहू शकेल, असा आदेश नानांनी त्याच हिवाळ्यात काढायला लावला. पुढे दोन निवडणुका ते हरले. पण दसऱ्याआधी ट्रकांपाशी जाऊन आई-बापांशी बोलणे त्यांनी सोडले नाही. इमारत कोणीही बांधली असती. ती टोळ्यांच्या पंचांगाप्रमाणे आणि काशीबाईच्या अडचणीप्रमाणे चालवणे, हे नानांचे काम. माझ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

मी त्यांचा मित्र आहे, म्हणून केवळ माझ्या शब्दावर जाऊ नका. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात धारूरला या. वसतिगृह उघडे आहे का आणि पायरीवर नातवंडे घेऊन म्हाताऱ्या बसल्या आहेत का, ते स्वतः पाहा.