साहेबाचा घोडा आणि चार हात रस्ता

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावकडच्या आमच्या रस्त्यावर रुंदीकरणाचं काम निघालं आणि फाट्यावरचा दगडी क्रूस आडवा आला. मी तेव्हा नवी सून होते.

माझे सासरे निवृत्त मास्तर. ते सांगायचे, "खाली इंग्रज साहेबाचा घोडा पुरलाय, चांदीच्या नालांसकट." शेजारचे शेतकरीकाका दरवर्षी पेरणीआधी त्याच दगडाला शेंदूर लावून नारळ फोडायचे. "आमचा शिवंचा देव हाय त्यो. घोडा न्हाई अन् गाडव न्हाई." मिशनचे पाळकसाहेब सायकलवरून आले, टोपी काढून म्हणाले, "क्रूस आहे, म्हणजे खाली माणूस असणार. जरा हळू बोलू या."

मुकादम कंटाळला. "कोन बी असूं द्या, चार हात मागं घ्यायचा हाय."

शेवटी तिघांच्या देखत खणायचं ठरलं. मी सगळ्यांसाठी चहा घेऊन गेले होते, ती तिथंच थांबले. कामावरच्या बायामाणसांनी दगड आडवा केला, खाली बरंच उकरलं. ना हाड, ना देव. एकदम कुदळ खणकन वाजली आणि गंजलेला लोखंडी तुकडा वर आला.

"नाल!" मामंजी ओरडले.

काकांनी तो हातात फिरवला. "मास्तर, ही बैलाच्या खुराची पत्री हाय."

मामंजींनी तो घेऊन उलटसुलट निरखला. मग गंभीरपणे म्हणाले, "मग साहेब बैलावर बसत असेल."

मला हसू फुटलं. डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. सासऱ्यांसमोर सून खदखदतेय म्हटल्यावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मग पाळकसाहेबांच्या नाकातून चहा आला आणि कामावरच्या बायाही सुटल्या.

दगड पुन्हा उभा करताना नवाच वाद. शेंदराची बाजू शेताकडे हवी, कोरीव बाजू रस्त्याकडे हवी. दोन्ही एकच होत्या. मुकादमाने वैतागून तो चार हात मागे, रस्त्याकडे कड करून रोवला. रस्त्यावरून बघितलं तर नुसता खांब दिसायचा. तिघांनाही ते पटलं, कारण कुणाचंच खरं झालं नव्हतं.

मामंजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, "सूनबाई, बैलावर बसायला खोगीर लागत नाही. साहेबाला परवडलं असतं."

तव्यावरची भाकरी करपली. मी हसत होते, आणि या वेळी तेही.